चौदा वर्षांचा मुलगा, तुलूझचं रग्बी आणि घरातले दोन तट

दादा, तुमचा प्रश्न वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. कुटुंब पुण्याचं, तीन वर्षांपूर्वी तुलूझजवळ आलेलं. मुलगा चौदाचा. पुण्यात शाळेत कबड्डी खेळायचा, इथे गावातल्या क्लबात रग्बीला लागला आणि रमला. आता त्याच्या प्रशिक्षकांनी एका मोठ्या क्लबच्या निवड-चाचणीसाठी त्याचं नाव दिलंय. वडिलांच्या डोळ्यांपुढे तुलूझचा तारा आंत्वान द्युपाँ आहे, आईच्या डोळ्यांपुढे स्ट्रेचर. वडील विचारतात: फ्रान्समध्ये व्यावसायिक रग्बी खेळाडूची कारकीर्द नेमकी कशी असते, किती वर्षं टिकते, पैसा किती, आणि भारतीय पासपोर्टवर हे जमतं का?

मी कोल्हापूरची, फिजिओथेरपिस्ट. गेली सोळा वर्षं फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातल्या रग्बी क्लबांत काम करते. आधी प्रो डी-२ मध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत, मग काही हंगाम टॉप १४ या पहिल्या श्रेणीत, आता पुन्हा एक पायरी खाली, आणि जास्त करून पोरांच्या गटांबरोबर. खेळाडू मला ‘किने’ म्हणतात, इथे फिजिओला तोच शब्द. एक कबुली आधीच देते. माझ्या टेबलावर येतो तो दुखणारा माणूस. ज्याला काहीच होत नाही तो फक्त घोट्याला पट्टी बांधून घ्यायला येतो आणि दोन मिनिटांत जातो. त्याचं आयुष्य मला नीटसं कळत नाही. त्यामुळे माझ्या सांगण्यात काळजीचा रंग जरा गडद असणार. तेवढा वजा करून वाचा.

आणि मला वाटतं, तुम्ही विचारलाय त्याच्या पोटात दुसराच प्रश्न आहे. मुलगा मोठ्या क्लबात निवडला जाईल का, हे आठवड्याभरात कळेलच. वहिनींना सतावतोय तो प्रश्न असा: हा रस्ता मध्येच संपला, सतराव्या, एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या वर्षी, तर त्या दिवशी मुलगा कुठे उभा असेल? मी त्याच अंगाने उत्तर देते.

द्युपाँची गोष्ट लोक शेवटाकडून सांगतात. २०२१ चा जगातला सर्वोत्तम खेळाडू, २०२२ चं ग्रँड स्लॅम (सहा राष्ट्रांच्या स्पर्धेतले सगळे सामने जिंकणं), तुलूझबरोबरच्या विजेतेपदाच्या ढाली. मला तिची सुरुवात जास्त कामाची वाटते. जन्म १९९६ चा, गाव कास्तेलनो-मान्योआक, पिरेनीजच्या पायथ्याचं छोटंसं गाव, घरच्यांचं हॉटेल. गावच्या क्लबातून तो कोवळ्या वयात ओशला गेला, २०१४ मध्ये कास्त्रला, आणि तुलूझला पोचला तो २०१७ मध्ये. तुलूझ काही फार लांब नाही तिथून. तरीही वीस वर्षांचा होईपर्यंत तो तुलूझच्या रांगेत ताटकळत नव्हता; लहान क्लबांत खेळत होता. खेळत होता, हे महत्त्वाचं. मोठ्या क्लबाच्या तिसऱ्या संघात बाकावर बसून कुणी स्क्रम-हाफ (द्युपाँची जागा, पाठच्या फळीला चेंडू पुरवणारा) होत नाही. आणि ओशच्या त्या क्लबाचं काय झालं? २०१७ मध्ये तो दिवाळखोरीत बुडाला आणि गावाला नव्या नावाने क्लब उभा करावा लागला. ज्या क्लबाने जगातला सर्वोत्तम खेळाडू घडवला तो क्लबच उरला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता त्याच्या शरीराचा हिशेब. २०१८ च्या फेब्रुवारीत आयर्लंडविरुद्ध उजव्या गुडघ्यातला क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे हाडं जोडून ठेवणारा बंध, तुटला. २०२३ च्या विश्वचषकात, म्हणजे घरच्याच मैदानांवर, २१ सप्टेंबरला मार्सेमध्ये नामिबियाविरुद्ध गालाचं हाड मोडलं. तो सामना फ्रान्सने ९६-० जिंकला, पण दुसऱ्या दिवशी माझ्या बेकरीतली बाई स्कोअर विसरून फक्त त्या गालफडाबद्दल बोलत होती. शस्त्रक्रिया झाली, आणि साडेतीन आठवड्यांत, १५ ऑक्टोबरला, संरक्षक टोपी घालून तो दक्षिण आफ्रिकेविरुद्ध उपांत्यपूर्व फेरीत उतरला. फ्रान्स २८-२९ असं एका गुणाने हरलं. २०२४ मध्ये त्याने सहा राष्ट्रांची स्पर्धा सोडून सात जणांच्या रग्बीकडे मोर्चा वळवला आणि पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात फिजीला २८-७ हरवून सुवर्णपदक घेतलं. मग ८ मार्च २०२५, डब्लिन, पुन्हा आयर्लंड आणि पुन्हा तोच गुडघा. परत मैदानात यायला नोव्हेंबरचा शेवट उजाडला. हे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचं, सर्वोत्तम डॉक्टर दिमतीला असताना.

त्याच डब्लिनच्या सामन्यात आणखी एक गोष्ट घडली, आणि माझ्या पोरांना मी सांगते ती द्युपाँची नसून या माणसाची. फ्रान्सच्या प्रशिक्षकांनी त्या दिवशी बाकावर आठ राखीव खेळाडूंपैकी सात फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतले रेटणारे, ठेवले होते. पाठच्या फळीचा एकच: माक्सिम लुकू. द्युपाँ लंगडत बाहेर गेला, लुकू आत आला, आणि सामन्याचा उरलेला मोठा भाग त्याने चालवला. फ्रान्स ४२-२७ जिंकलं आणि पुढे सहा राष्ट्रांची स्पर्धाही.

लुकू १९९३ चा, बास्क किनाऱ्यावरच्या सँ-जाँ-द-लुझचा. बिआरित्झ क्लबात तो कित्येक वर्षं प्रो डी-२ मध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत खेळला. पावसाळी रात्री, अर्ध्या रिकाम्या मैदानांत. २०१९ मध्ये बोर्दोने त्याला घेतलं तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. फ्रान्ससाठी पहिला सामना २०२१ च्या नोव्हेंबरात, अठ्ठावीस पूर्ण झाल्यावर. २०२४ मध्ये द्युपाँ नव्हता म्हणून सुरुवातीपासून खेळण्याची संधी मिळाली, तर पहिल्याच सामन्यात मार्सेमध्ये आयर्लंडने १७-३८ असं झोडपलं, आणि आठवडाभर जो तो त्याची आणि द्युपाँची तुलना करत बसला. पुढच्याच वर्षी तो बोर्दोबरोबर युरोपचा चषक जिंकला. त्याच्या पिढीत, त्याच जागेवर खेळणारा जगातला सर्वोत्तम माणूस त्याच्याच देशात जन्मला, याला तो काय करणार? तो थांबला, आणि थांबताना खेळत राहिला.

दादा, तुमच्या मुलाचं अगदी छान जमलं तर ते लुकूसारखं जमेल. द्युपाँसारखं जमायचं असेल तर ते तुमच्या-माझ्या नियोजनाने होणार नाही, म्हणून त्याचा विचार नको. आणि बहुतेक पोरांचं या दोघांसारखंही होत नाही. त्यांच्याकडे मी शेवटी येते.

रस्ता कसा असतो ते आधी. चौदापर्यंत ‘एकोल द रग्बी’, म्हणजे क्लबाची शाळा. मग ‘कादे’ म्हणजे सोळाखालचे, त्यानंतर अठराखालचे; त्यांच्या वरच्या राष्ट्रीय स्पर्धेला ‘क्राबोस’ म्हणतात. पुढे ‘एस्पुआर’, म्हणजे शब्दशः आशा. व्यावसायिक क्लबांना सरकारमान्य प्रशिक्षण केंद्र असतं, ‘सांत्र द फोर्मासिओं’, आणि त्यात घेताना क्लबाला मुलाशी लेखी करार करावा लागतो. या करारात दोन बाजू असतात. क्लब बांधला जातो की खेळाबरोबर मुलाचं शिक्षण, शाळेचं किंवा एखाद्या धंद्याचं, चालू राहील. आणि मुलगा बांधला जातो की क्लबाने मागितलं तर पहिला व्यावसायिक करार त्याच क्लबाबरोबर करेन. ही सक्ती कायद्याने ठरावीक वर्षांपलीकडे जात नाही. पालक दुसरी बाजू डोळ्यांत तेल घालून वाचतात आणि पहिली चाळून सोडतात. माझ्या मते उलटं करावं.

पासपोर्टचं उत्तर तुम्हाला आवडेल. टॉप १४ मध्ये प्रत्येक क्लबाला सामन्याच्या तेवीस जणांत हंगामाच्या सरासरीने किमान सोळा ‘जिफ’ उतरवावे लागतात. जिफ म्हणजे फ्रेंच प्रशिक्षणातून आलेला खेळाडू. ढोबळ व्याख्या अशी: मान्यताप्राप्त केंद्रात तीन हंगाम, किंवा तेविशीच्या आत फ्रेंच महासंघाच्या परवान्यावर पाच हंगाम. यात राष्ट्रीयत्व कुठेच येत नाही. तुमचा मुलगा गावच्या क्लबात तीन हंगाम परवान्यावर खेळलाय. क्लबाच्या ऑफिसात जाऊन त्या तिन्ही वर्षांची नोंद नीट आहे ना, एवढं बघून ठेवा. भारतीय पासपोर्टचा पण जिफ ठरलेला पोरगा क्लबाच्या हिशेबात ‘घरचा’ असतो, आणि पहिल्या करारावेळी हे फार जड वजन आहे. नियमांची टक्केवारी अधूनमधून हलते, तेव्हा त्या त्या वर्षीचा नियम बघायचा. राष्ट्रीय संघाची गोष्ट वेगळी. २०१६ च्या शेवटी फ्रेंच महासंघाने ठरवलं की फ्रान्सकडून खेळायला फ्रेंच पासपोर्ट हवा. न्यूझीलंडमध्ये जन्मलेला, ऑस्ट्रेलियात वाढलेला तुलूझचा एमान्युएल मेआफू २०२३ मध्ये फ्रेंच नागरिक झाला, मग २०२४ मध्ये फ्रान्सकडून खेळला. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणजे तिथे घरात मोठीच चर्चा होईल. पण चौदाव्या वर्षी ती करू नका. आधी त्याला लाइनआउटमध्ये चेंडू पकडू द्या.

आणि हो, एजंट. कुणी गोड बोलत येईल आणि ‘मुलाचं बघतो’ म्हणेल. फ्रेंच कायद्यात अल्पवयीन खेळाडूच्या करारावर एजंटला मोबदला घेता येत नाही. कुणी पैसे मागितले तर त्याला चहा पाजा आणि दार दाखवा.

पैशाचं गणित सरासरीने फसवतं. टॉप १४ मधल्या क्लबाला हंगामाच्या पगारांवर एक कमाल मर्यादा आहे, साधारण १ कोटी ७ लाख युरो. त्यात चाळीसेक माणसं बसवा. माणशी अडीच-पावणेतीन लाख युरो वर्षाला येतात, कर आणि वर्गण्या कापायच्या आधी. आकडा तुम्हाला तुमच्या पगाराशेजारी छान दिसेल. पण वरची पाच-सहा नावं त्यातला मोठा घास घेतात, आणि केंद्रातून नुकत्याच आलेल्या पोराला उरतो तो सामान्य नोकरीचा पगार. प्रो डी-२ मध्ये तर सगळंच खाली येतं. करार ठरावीक मुदतीचा असतो, एका हंगामापासून जास्तीत जास्त पाच हंगामांपर्यंत. बहुतेक जण तिशीच्या मागेपुढे थांबतात. प्रॉप मंडळी, म्हणजे पहिल्या फळीतले धिप्पाड, थोडी जास्त टिकतात, स्क्रमची (दोन्ही संघ एकमेकांना भिडून रेटतात त्याची) अक्कल उशिरा येते म्हणून. म्हणजे दहा-बारा वर्षांच्या मिळकतीवर पुढची चाळीस काढायची आहेत, हे वाक्य मी प्रत्येक नव्या करारवाल्याला ऐकवते आणि तो प्रत्येक जण माझ्यापुढेच नवी गाडी घेतो.

शिवाय क्लब खाली जातात. टॉप १४ मधला शेवटचा थेट उतरतो, त्याच्या वरचा प्रो डी-२ च्या उपविजेत्याशी जीवावरचा सामना खेळतो. बिआरित्झने २००५ आणि २००६ मध्ये सलग दोनदा फ्रान्सचं विजेतेपद घेतलं आणि २०१४ मध्ये तोच क्लब दुसऱ्या श्रेणीत होता. खाली जाताना पगार बदलतात, प्रशिक्षक बदलतात, आणि पोरांच्या गटांवरचा खर्च सगळ्यात आधी कापला जातो. मी एकदा अशा क्लबात होते. जूनमध्ये श्रेणी गेली, जुलैत आमच्या जिमची निम्मी यंत्रं.

एक चमत्कारिक सोय इथे आहे: ‘जोकर मेदिकाल’. हंगामात एखाद्याला लांबलचक दुखापत झाली की क्लब त्याच्या जागी तात्पुरता माणूस घेऊ शकतो. तीन-चार महिन्यांचा करार, एका अनोळखी शहरात, दुसऱ्याच्या तुटलेल्या गुडघ्यावर. मी त्या गुडघ्याची फिजिओ असते आणि त्या नव्या माणसाचीही. सकाळी एकाला ‘घाई नको’ म्हणते, दुपारी दुसऱ्याच्या डोळ्यांत ‘त्याने घाई करू नये’ असं दिसतं. दोघंही सज्जन असतात. या खेळाचं अर्थकारण कुणाला एका चित्रात दाखवायचं असेल तर मी ते टेबल दाखवेन.

इथवरचं थोडक्यात: पासपोर्ट आड येत नाही, क्लबाचं नाव भरवशाचं नाही, पैसा आहे पण थोडी वर्षं, आणि संधी बहुधा दुसऱ्याच्या दुखापतीतून येते. आता वहिनींच्या प्रश्नाकडे.

डोक्याची भीती खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. २०१८ च्या मेपासून २०१९ च्या जानेवारीपर्यंत फ्रान्समध्ये रग्बी खेळणारी चार तरुण मुलं गेली. सगळा देश हादरला. त्यानंतर महासंघाने हौशी रग्बीत टॅकलची, म्हणजे पळणाऱ्याला धरून पाडण्याची, रेषा कमरेवर आणली आणि दोघांनी एकाच वेळी एकाला पाडायला बंदी केली. डोक्याला मार बसल्याचा संशय आला तर पंच निळं कार्ड दाखवतो; मुलगा बाहेर, आणि डॉक्टरच्या दाखल्याशिवाय परत खेळता येत नाही. वरच्या पातळीवर खेळाडूला बाहेर नेऊन बारा मिनिटांत तपासणी होते. हे सगळं सोळा वर्षांपूर्वी मी आले तेव्हा नव्हतं किंवा अर्धवट होतं. तेव्हा ‘थोडी चक्कर आली’ म्हणणाऱ्याला पाणी देऊन परत पाठवायचे. त्या काळातल्या मोठ्या खेळाडूंपैकी सेबास्तियाँ शाबालने २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितलं की खेळलेल्या सामन्यांतला एकही क्षण त्याला आठवत नाही. वहिनींना हे वाचू द्या, लपवू नका. पण त्याच्याच शेजारी निळ्या कार्डाचं पण वाचू द्या.

इथे तुमच्या मुलाची कबड्डी मला आवडली. कबड्डीत पकड खाली असते: घोटा, मांडी, कंबर. इथली बरीच पोरं आठव्या वर्षापासून छातीवर आदळायला शिकलेली होती, त्यांना नव्या नियमात वाकणं जड गेलं. वाकून, डोकं बाजूला ठेवून पकडणारं पोरगं स्वतःचं डोकं वाचवतं. तुमच्या मुलाचं टॅकल एकदा बाजूने मोबाइलवर चित्रित करा. समोरच्याच्या पोटाआड डोकं जात असेल तर आधी तेवढंच दुरुस्त करून घ्या, बाकी सगळं नंतर.

तुम्ही सरावानंतर गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं, तिथे टेंगूळ आलंय असं लिहिलंय. बघितल्याशिवाय सांगणं बरोबर नाही, पण या वयात, उंची झपाट्याने वाढताना, हे फार पोरांना होतं. मांडीचा स्नायू वाढत्या हाडाला ओढतो. डॉक्टरला दाखवा. बहुतेक वेळा उड्या आणि धावणं काही आठवडे कमी करणं पुरतं. चाचणीसाठी वेदनाशामक गोळी देऊन पाठवू मात्र नका. आणि वाढीचंच आणखी एक: चौदाव्या वर्षी दोन मुलांच्या शरीराच्या वयात सहज दोन वर्षांचा फरक असतो. ज्याला आधी मिशी फुटते तो चाचणीत सगळ्यांना तुडवतो. अठराव्या वर्षी बाकीचे त्याच्याएवढे होतात, आणि तोवर त्याने फक्त तुडवणंच शिकलेलं असतं. तुमचा मुलगा बारीक आहे म्हणून नाकारला गेला तर ते कायमचं उत्तर समजू नका. धिप्पाड आहे म्हणून घेतला गेला तरी.

मी लहानपणी कोल्हापुरात तालमीतली माणसं जवळून पाहिली. मोडलेले कान, दूध-तुपाचा खुराक, वस्तादाचा शब्द. इथल्या प्रॉपचे कान तसेच मोडलेले बघून पहिल्या दिवशी मला घर आठवलं होतं. तालमीत एक गोष्ट मात्र वाईट पाहिली: गुडघा गेलेला पैलवान. ज्याला लहानपणापासून दुसरं काहीच शिकवलं नाही आणि एका डावात सगळं संपलं. चाळिशीत तो पारावर बसून जुन्या कुस्त्या सांगतो. तो पार इथेही आहे, फक्त इथे त्याला बार म्हणतात.

म्हणून तियेरी द्युसोतुआरचं सांगते. जन्म १९८१, आबिजाँचा. आई आयव्हरी कोस्टची, वडील फ्रेंच. लहानपणी ज्युदो खेळायचा, रग्बी सुरू केलं सोळाव्या वर्षी. तुमचा मुलगा अकराव्या वर्षी लागलाय, तेव्हा ‘उशीर झाला का’ हा तुमचा उपप्रश्न इथेच मिटला. बोर्दोत त्याने रसायन अभियांत्रिकी पूर्ण केली, खेळत खेळत. मग कोलोमिये, बिआरित्झ, २००६ पासून तुलूझ. २००७ च्या विश्वचषकाच्या पहिल्या यादीत त्याचं नावही नव्हतं. दुसरा एक खेळाडू जखमी झाला म्हणून बोलावणं आलं. पुन्हा तेच, दुसऱ्याची दुखापत. ६ ऑक्टोबरला कार्डिफमध्ये न्यूझीलंडविरुद्ध उपांत्यपूर्व सामना. त्या एका सामन्यात त्याने ३८ टॅकल केले आणि चेंडू रेषेपार टेकवून एक ट्रायही. फ्रान्स २०-१८ जिंकलं. चार वर्षांनी तो कर्णधार म्हणून अंतिम सामना त्याच न्यूझीलंडविरुद्ध ७-८ हरला, फ्रान्सचा एकमेव ट्राय त्याचाच, आणि त्या वर्षीचा जगातला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. ५६ वेळा देशाचं कर्णधारपद करून २०१७ मध्ये थांबला. अभियंत्याची पदवी असल्यामुळे तो चांगला खेळला असं मी म्हणत नाही. पण माझ्या टेबलावरचा अनुभव असा की ज्याला दुसरं दार उघडं आहे तो दुखापतीबद्दल खरं बोलतो. ज्याला नाही तो लपवतो, आणि लपवलेली दुखापत दुप्पट वेळ घेते.

आता ज्या पोरांची नावं कुणाला माहीत नसतात त्यांच्यातल्या एकाचं, आणि माझ्या चुकीचं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका क्लबात अठरा वर्षांचा फ्लँकर (फॉरवर्डांतली एक जागा) होता. खांदा निखळलेला, आम्ही चार महिने मेहनत करून बसवला. पोरांच्या उपांत्य सामन्याला दहा दिवस होते. ताकदीची चाचणी जवळजवळ दुसऱ्या खांद्याइतकी आली. ‘जवळजवळ’. प्रशिक्षक म्हणाले फक्त बाकावर बसेल. पोरगा म्हणाला अजिबात दुखत नाही. मी सही केली. दुसऱ्या सत्रात त्याला उतरवलं आणि दहाएक मिनिटांत खांदा पुन्हा बाहेर. शस्त्रक्रिया झाली, पुढच्या वर्षी केंद्राने करार वाढवला नाही. दबाव प्रशिक्षकांचा होता, पण सही माझी होती, आणि दाखला न देण्याचा अधिकारही माझा होता. तेव्हापासून माझ्या टेबलाशेजारी ‘जवळजवळ’ हा शब्द चालत नाही.

तो पोरगा सावरला, कारण त्या केंद्राचा करार कागदावरच राहिला नव्हता. सकाळी तो खरोखर इलेक्ट्रिशियनचं शिक्षण घेत होता. आज त्याच्या हाताखाली दोन माणसं आहेत, माझ्या घराचं वायरिंग त्यानेच केलं, पैसे घेताना खांदा दाखवून मला चिडवतो. बुधवारी गावच्या क्लबात लहान मुलांना शिकवतो. त्याच्याच बरोबरचा दुसरा एक, त्याच्यापेक्षा गुणी, शाळा सोडून बसला होता. चार हंगाम चार क्लब फिरला, दोनदा ‘जोकर’ म्हणून. त्याचा फोन मला आता येत नाही.

माझा सल्ला मुलाला जाऊ द्यावं असा आहे, पण काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत. तो क्लब घरापासून रोज जाण्या-येण्याच्या अंतरावर असेल तर मी फार विचार करणार नाही. वसतिगृहात राहावं लागणार असेल, तर माझं मत एक वर्ष थांबा असं आहे. फ्रेंच त्याला आता येतं, पण रात्री आठ वाजता चुकून रडू आलं तर ते मराठीत येतं. मुलगा कोणत्या जागेवर खेळतो हेही बघा. पहिल्या फळीत जाणार असेल तर मानेच्या व्यायामाची वेगळी तयारी हवी आणि ती करून घेणारा माणूस तिथे आहे का, हे आधी विचारायचं.

चाचणीला वहिनींना बरोबर न्या, गाडीत बसवून ठेवू नका. मैदानावर प्रशिक्षक तुमच्याशी बोलायला येतील, क्लबाचा इतिहास सांगतील, कपाटातले चषक दाखवतील. ऐकून घ्या. मग विचारा: चार वर्षांपूर्वी तुमच्याकडे आलेली पोरं आज कुठे आहेत? त्यातल्या कितींनी ‘बाक’, म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा, दिली? फिजिओ रोज असतो की फक्त सामन्याला? दुखापत झालेला मुलगा परत कधी खेळेल हे शेवटी कोण ठरवतं, डॉक्टर की प्रशिक्षक? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना ते क्षणभर एकमेकांकडे बघतात का, तेवढं वहिनींनी बघावं. आणि माऊथगार्ड दुकानातला गरम पाण्यात बुडवायचा नको, दाताच्या डॉक्टरकडून मापाचा करून घ्या. चाचणी शनिवारी आहे ना? मग अपॉइंटमेंट आजच घ्या, इथले दंतवैद्य आठवडाभर आधीही मिळत नाहीत.